मान कोणाच्या हाती? ‘द ड्युएलिस्ट्स’ आणि द्वंद्वयुद्धाचा प्रश्न

रिडली स्कॉट यांचा पहिला चित्रपट ‘द ड्युएलिस्ट्स’ १९७७ साली आला आणि त्याच वर्षी कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कार त्याने मिळवला. नेपोलियनच्या घोडदळातले दोन अधिकारी सोळा वर्षे एकमेकांशी द्वंद्वयुद्ध करत राहतात, एवढीच त्याची कथा आहे. साहसपटात हवे ते सारे त्यात आहे: घोडे, तलवारी, बर्फात गारठलेले सैन्य, पहाटेच्या धुक्यातली मैदाने. पण त्याचा गाभा तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या प्रश्नाचा आहे. माणसाचा मान नेमका कुठे असतो? तो त्याच्या स्वतःच्या मनात असतो, की चारचौघांच्या नजरेत? नजरेत असेल, तर कोणीही येऊन तो हिरावून घेऊ शकतो, आणि तो परत मिळवण्यासाठी माणूस जीव द्यायला किंवा घ्यायला निघतो. मनात असेल, तर अपमान झाला म्हणून तलवार उपसण्याचे कारणच उरत नाही. युरोपातले धर्मपीठ, राजसत्ता आणि तत्त्वचिंतक या प्रश्नाशी काही शतके झगडत होते. चित्रपट तो प्रश्न दोन माणसांच्या अंगावर आणून सोडतो.

कथा १८०० साली स्ट्रासबर्गमध्ये सुरू होते. सातव्या हुसार पलटणीतला लेफ्टनंट गॅब्रिएल फेरो शहराच्या महापौराच्या पुतण्याला द्वंद्वयुद्धात जबर जखमी करतो. त्याला घरात नजरकैद झाल्याचा निरोप पोचवण्याचे काम तिसऱ्या हुसार पलटणीतल्या लेफ्टनंट आर्मां द्युबेरकडे येते. फेरो तेव्हा एका प्रतिष्ठित बाईच्या दिवाणखान्यात बसलेला असतो. द्युबेर तिथे जाऊन त्याला बाहेर बोलावतो, तेही पूर्ण सभ्यतेने. फेरोला मात्र बाईंसमोर आपला पाणउतारा झाला असे वाटते. निरोप देणारा हुकमाचा ताबेदार आहे, ही गोष्ट त्याच्या लेखी नाही. तासाभरात तलवारी निघतात. पुढे ऑग्जबर्गला १८०१ मध्ये, ल्यूबेकला १८०६ मध्ये आणि शेवटी १८१६ मध्ये फ्रान्समध्ये हे दोघे समोरासमोर येतात. मधल्या काळात युरोपाचा नकाशा बदलतो, साम्राज्य उभे राहते आणि कोसळते. ते भांडण मात्र होते तिथेच राहते.

हार्वी कायटेल यांनी फेरो आणि कीथ कॅराडीन यांनी द्युबेर उभा केला आहे. कथेचा आधार जोसेफ कॉनरॅड यांची १९०८ मधली ‘द ड्युएल’ ही दीर्घकथा. तिच्यामागे खऱ्या इतिहासातली दोन माणसे आहेत: पिएर द्यूपाँ आणि फ्रांस्वा फूर्निये. या दोघांचे वैर स्ट्रासबर्गमध्येच १७९४ साली सुरू झाले आणि जवळजवळ वीस वर्षे चालले. फूर्निये मूळचा सार्लाचा, आणि चित्रपटाचे बरेच चित्रीकरण त्याच सार्लाच्या परिसरात झाले. द्यूपाँचे पुढचे आयुष्य मान या विषयावर वेगळाच प्रकाश टाकते. खासगी भांडणात ज्याने पाऊल मागे घेतले नाही, त्याच जनरल द्यूपाँला १८०८ मध्ये स्पेनमधल्या बायलेन इथे सगळ्या फौजेनिशी शरणागती पत्करावी लागली. नेपोलियनने ती नामुष्की त्याला कधीही माफ केली नाही. नेपोलियन पडल्यावर अठराव्या लुईने त्याच द्यूपाँला १८१४ मध्ये युद्धमंत्री केले. माणूस तोच राहिला. त्याच्या मानाचा भाव मात्र सिंहासनावर कोण बसले आहे त्यावर चढत आणि उतरत गेला.

कॉनरॅड यांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक द्वंद्वयुद्ध होते, आणि ते खोटे होते. १८७८ मध्ये मार्सेलला असताना विशीच्या उंबरठ्यावरच्या कॉनरॅडना छातीत गोळी लागली. ती द्वंद्वयुद्धातली जखम आहे, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या मामांचे एक पत्र नंतर उजेडात आले आणि ती गोळी कॉनरॅडनी स्वतःच झाडून घेतली होती, हे कळले. अंगावर कर्ज झाले होते, मन खचले होते. इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. कॉनरॅड ज्या कॅथलिक जगात वाढले, त्याच्या धर्मशास्त्रात आत्महत्या आणि द्वंद्वयुद्ध ही दोन्ही महापापे होती. दोन्हींत मेलेल्या माणसाला ख्रिस्ती विधीने मूठमाती नाकारली जात असे. तरीही समाजात एक पाप तोंड लपवण्याचे आणि दुसरे छाती पुढे काढून सांगण्याचे होते. पापासाठी धर्माने घातलेली मोजपट्टी आणि मानासाठी समाजाने घातलेली मोजपट्टी किती वेगळ्या होत्या, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

द्वंद्वयुद्धाचा उगम मात्र धर्मश्रद्धेतच होता. मध्ययुगात साक्षीपुराव्याने निवाडा होत नसेल तर वादी आणि प्रतिवादी यांना लढायला लावत. देव सर्वसाक्षी आहे, तो खऱ्याला हरू देणार नाही, हा त्यामागचा विश्वास. आपल्याकडे अग्निदिव्य किंवा उकळत्या तेलात हात घालण्याचे दिव्य होते, त्याच जातीचा हा प्रकार. पॅरिसच्या न्यायपीठाने, म्हणजे पार्लमाँने, मंजूर केलेले अशा तऱ्हेचे शेवटचे युद्ध २९ डिसेंबर १३८६ रोजी जाँ द कारूज आणि जाक ल ग्री यांच्यात झाले. कारूजच्या पत्नीवर ल ग्रीने बलात्कार केला, असा आरोप होता. नवरा हरला असता तर खोटा आरोप केला म्हणून तिला जिवंत जाळले जाणार होते. देवाचा निवाडा असा: एका स्त्रीचे सत्य तिच्या नवऱ्याच्या मनगटाच्या जोरावर ठरायचे.

धर्मपीठाला ही प्रथा फार पूर्वीपासून खटकत होती. तिला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा साधा आणि खोल होता. देवाने अमुक वेळी, अमुक मैदानात, अमुक प्रश्नाचे उत्तर द्यावे अशी मागणी करणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे. आणि ती माणसाला मनाई आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यांवर आशीर्वादाचे विधी करण्यास बंदी केली आणि द्वंद्वयुद्धावरची आधीची बंदी कायम ठेवली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने त्याहून कठोर पाऊल उचलले. द्वंद्वयुद्ध ही सैतानाने रचलेली प्रथा आहे असे जाहीर करून लढणाऱ्यांना, त्यांच्या साथीदारांना, इतकेच काय, जागा देणाऱ्या राजांनाही धर्मबहिष्कृत ठरवले.

पण तोवर द्वंद्वयुद्धाचा आत्माच पालटला होता. १५४७ मध्ये दुसऱ्या हेन्रीच्या डोळ्यांदेखत जार्नाक आणि ला शातैन्यरे या दोन सरदारांची झुंज झाली. राजाचा आवडता ला शातैन्यरे पायाची शीर तुटून पडला आणि मेला. त्यानंतर फ्रान्सच्या राजांनी अशा झुंजींना उघड परवानगी देणे बंद केले. युद्धे थांबली नाहीत, ती राजाच्या अंगणातून शेतात, रानात, मठाच्या भिंतीमागे गेली. तिथे देवाला बोलावणे नव्हते. कोण खरा आणि कोण खोटा हा प्रश्नही मागे पडला. उरला फक्त एक प्रश्न: हा माणूस मरणाला भितो का? नव्या संहितेत अपमान झालेला माणूस ‘समाधान’ मागत असे, आणि समोरच्याने मैदानात उभे राहणे हेच समाधान. जिंकणे आवश्यक नव्हते. दोघे लढले, रक्त निघाले, की दोघांचाही मान शाबूत. खोटे बोलणारा खोटाच राहिला, व्यभिचारी व्यभिचारीच राहिला, तरी ‘भित्रा नाही’ एवढे सिद्ध झाले की पुरत असे. न्याय मागे सुटला आणि धाडस तेवढे उरले. द्वंद्वयुद्धाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि चित्रपटातला फेरो याच बदलाचे पूर्ण वाढलेले फळ आहे. त्याच्याजवळ तक्रार नाही, पुरावा नाही, अन्याय नाही. आहे फक्त न भिण्याची सवय.

राजसत्तेने या प्रथेविरुद्ध फर्माने काढली. १६२६ च्या फर्मानानंतर पुढच्याच वर्षी मोंमोरांसी घराण्याच्या काउंट बूतव्हीलने मुद्दाम पॅरिसच्या प्लास रोयाल या चौकात, भर दिवसा द्वंद्वयुद्ध केले. तो त्याआधी वीसहून अधिक वेळा लढला होता. राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याने गय केली नाही. जून १६२७ मध्ये बूतव्हील आणि त्याचा साथीदार यांचा शिरच्छेद झाला. तरीही प्रथा चालूच राहिली. याचे कारण फक्त सरदारांचा उद्दामपणा हे नव्हते. जो अधिकारी आव्हान नाकारेल त्याच्याशी पलटणीत कोणी बोलत नसे, जेवणाच्या मेजावर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राही. कायदा जीव घेऊ शकत होता, पण समाज जगणे नकोसे करू शकत होता.

या कोंडीतून सुटण्यासाठी धर्मशास्त्रातही पळवाटा शोधल्या गेल्या. फ्रेंच विचारवंत पास्कालने आपल्या सातव्या ‘प्रांतीय पत्रा’त, १६५६ मध्ये, काही जेझुइट शास्त्र्यांचा युक्तिवाद उघडा पाडला आहे. त्यांचे म्हणणे असे, की आव्हान मिळालेल्या माणसाने ठरलेल्या जागी जावे, पण लढण्याच्या हेतूने नव्हे, फिरायला म्हणून जावे. तिथे कोणी अंगावर आले तर स्वसंरक्षण करायला मोकळीक आहेच. हेतू शुद्ध, म्हणून कृतीही शुद्ध! पास्कालचा संताप या चलाखीवर होता. मान वाचवायचा, पापही टाळायचे आणि लोकांसमोर मानही खाली जाऊ द्यायची नाही, असे तिन्ही एकदम साधायचा तो प्रयत्न होता. पास्कालच्या मते ख्रिस्ताचा मार्ग यातले एक तरी सोडून द्यायला सांगतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने सूड हे देवाचे काम म्हणून माणसाच्या हातून काढून घेतले आहे. पुढे केलेला दुसरा गाल आणि उपसलेली तलवार एकाच हाताला झेपत नाहीत.

अठराव्या शतकात हा प्रश्न धर्मशास्त्राकडून तत्त्वज्ञानाकडे आला. रूसोच्या ‘ज्युली’ या १७६१ च्या कादंबरीत नायिका आपल्या प्रियकराला द्वंद्वयुद्धापासून परावृत्त करण्यासाठी एक दीर्घ पत्र लिहिते. तिचा मुद्दा असा, की कोणी खोटे बोलल्याने सज्जन माणूस दुर्जन होत नाही, आणि तलवारीने कोणाला मारल्याने खोटे आरोप खोटे ठरत नाहीत. हे पत्र वाचताना ते निरुत्तर करणारे वाटते. पण तर्काला निरुत्तर करणे आणि पलटणीतल्या जेवणाच्या मेजावर तग धरणे या वेगळ्या गोष्टी होत्या.

कांटला हे कळत होते. १७९७ च्या ग्रंथात त्याने द्वंद्वयुद्धात मारणाऱ्या अधिकाऱ्याचे उदाहरण घेतले. खून तो खून, शिक्षा व्हायलाच हवी. पण ज्या समाजात भित्रा ठरलेल्या अधिकाऱ्याला जगता येत नाही, तिथे कायदा त्याला दोन मरणांतले एक निवडायला लावतो. दंडाचे तत्त्व बरोबर आहे, समाज अजून रानटी आहे, म्हणून कायदा एकाच वेळी क्रूर आणि ढिला वाटतो, अशा अर्थाचे त्याचे निरीक्षण आहे. कांटसारख्या कडक नीतिवाद्याने इथे थबकावे, यातच या प्रश्नाची खोली दिसते.

हेगेलने तर मानाच्या झुंजीला मानवी आत्मभानाच्या मुळाशी नेऊन बसवले. ऑक्टोबर १८०६ मध्ये नेपोलियनचे सैन्य येना शहरात शिरत होते, तेव्हा तिथेच तो आपला ‘फेनोमेनोलॉजी’ हा ग्रंथ पुरा करत होता. त्याच मोहिमेत काही आठवड्यांनी फ्रेंच सैन्य ल्यूबेकला पोचले. चित्रपटातले घोड्यावरचे द्वंद्वयुद्ध तिथलेच आहे. हेगेलच्या मते माणसाला आपण स्वतंत्र आहोत हे दुसऱ्याने मानावे असे वाटते, आणि ते सिद्ध करण्यासाठी तो जीव पणाला लावतो. पण यात एक अडचण आहे. समोरचा मेला तर मान्यता द्यायला कोणी उरत नाही. विजेत्याला जिवंत प्रतिस्पर्धी लागतो. फेरोला द्युबेर का लागतो, याचे उत्तर इथे सापडते. सोळा वर्षे फेरोच्या आयुष्याचा अर्थ एका माणसाच्या असण्यावर उभा आहे. द्युबेर मेला असता तर फेरोने कोणाकडे समाधान मागितले असते?

मराठीत या विषयाचे शब्दच बोलके आहेत. अब्रू हा शब्द फारसीतून आला. ‘आब’ म्हणजे पाणी, ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी म्हणजे अब्रू. ते पाणी उतरवणे म्हणजे पाणउतारा. अब्रू जाते, घेतली जाते, वेशीवर टांगली जाते; म्हणजे ती दुसऱ्याच्या हाताला लागते. स्वाभिमानाबाबत मात्र अशी क्रियापदे वापरत नाहीत. कोणी कोणाचा स्वाभिमान दुखावतो. तो हिसकावून नेत नाही. फेरो आणि द्युबेर यांच्यातला फरक या दोन शब्दांमधल्या अंतराएवढा आहे. फेरोकडे फक्त अब्रू आहे. द्युबेरकडे दोन्ही आहेत, आणि म्हणून त्याची कुचंबणा मोठी.

कारण चित्रपटातला खरा बळी द्युबेर आहे. फेरोला शंका नाही. द्युबेरला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की या भांडणात अर्थ नाही, तरी तो प्रत्येक वेळी जातो. लष्करी डॉक्टर त्याला सुटकेच्या वाटा सांगतो: फेरो असेल त्या ठिकाणापासून दूर राहा, हुद्द्याने त्याच्या वर राहा, आणि युद्ध चालू असेल तर निर्धास्त राहा. हुद्दा वेगळा असेल तर द्वंद्वयुद्ध करता येत नाही, असा नियम. म्हणून बढती हे द्युबेरसाठी संरक्षण होते, आणि फेरोची बढती हे संकट. कॅप्टन, कर्नल, जनरल, असे दोघे एकामागोमाग वर चढत जातात. ज्या लष्करात शौर्याचे बक्षीस म्हणून बढती मिळते, तिथे एक माणूस आपल्या शत्रूपासून लपण्यासाठी बढती कमावतो.

भीतीचे चित्रण हे या चित्रपटाचे सर्वांत मोलाचे देणे आहे, आणि त्याचे श्रेय झुंजी बसवणारे विल्यम हॉब्स यांनाही जाते. पहिल्या लढतींत चापल्य आहे. ऑग्जबर्गची लढत मात्र जड वक्र तलवारींची आहे. दोघे थकतात, तलवार उचलवेनाशी होते, श्वास मोठमोठ्याने ऐकू येतो, रक्त आणि घाम एकत्र होतात, आणि शेवटी तलवारी सोडून ते एकमेकांच्या अंगावर कोसळतात. त्यात डौल काडीचाही नाही. ल्यूबेकला घोड्यावर बसून समोरून धावून येणाऱ्या फेरोकडे जाताना द्युबेरचा चेहरा पांढरा पडलेला असतो. त्या काही क्षणांत त्याच्या मनात जुनी चित्रे झरझर उलगडतात. तो फेरोच्या कपाळावर वार करतो, रक्ताने फेरोचे डोळे भरतात, आणि द्युबेर सुटकेच्या आनंदात घोडा एका गाडीवरून उडवत नेतो. हा आनंद विजयाचा नाही, आपण अजून जिवंत आहोत याचा आहे. भित्रा नसल्याचे सिद्ध करायला निघालेला माणूस प्रत्येक वेळी भीतीतूनच जातो. ती भीती कोणाला दिसू नये, एवढीच त्याची धडपड.

१८१२ च्या रशियातल्या माघारीत हे दोघे पुन्हा भेटतात. सगळीकडे बर्फ, बसल्या जागी गोठून मेलेली माणसे. इथेही पिस्तुले निघणार असतात, तेवढ्यात कोसॅक स्वार येतात आणि दोघे मिळून त्यांच्यावर गोळ्या झाडतात. संकट टळल्यावर द्युबेर फेरोपुढे मद्याची बाटली धरतो. फेरो ती घेत नाही. पुढच्या वेळी पिस्तुले, एवढेच तो सांगतो. हजारो माणसे कोणत्याही मानाशिवाय मरत असताना एका माणसाच्या मनातला मानाचा हिशोब तसाच पक्का राहतो. हे दृश्य जेमतेम काही मिनिटांचे आहे, पण सूड म्हणजे काय, याचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण. सुडाला बाहेरचे जग दिसत नाही.

नेपोलियन पडल्यावर फेरो साम्राज्याचा निष्ठावंत म्हणून अडकतो आणि मृत्युदंडाच्या यादीत त्याचे नाव जाते. द्युबेर आता राजाच्या सैन्यात आहे, लग्न झालेले आहे. त्याला काही करण्याची गरज नव्हती. शत्रूचा निकाल सरकारच लावणार होते. तो पोलीसमंत्री फूशेकडे जातो आणि फेरोचे नाव यादीतून काढायला लावतो. आणि एक अट घालतो: हे फेरोला कधीही कळू नये. अल्बर्ट फिनी यांनी उभा केलेला फूशे हे सारे थंडपणे पाहतो. नाव खोडले जाते.

चित्रपटभर मानाच्या नावाखाली जे केले जाते ते साक्षीदारांसमोर केले जाते: साथीदार असतात, नियम असतात, दुसऱ्या दिवशी पलटणीत चर्चा असते. हे एकच कृत्य कोणी पाहू नये म्हणून केलेले आहे. त्यातून द्युबेरला काही मिळणार नव्हते, उलट ज्याच्या हातून आपला मृत्यू होऊ शकतो तो माणूस जिवंत राहणार होता. मान माणसाच्या आत असू शकतो, याचा या कथेतला एकमेव पुरावा हा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला अपकीर्ती मरणाहून वाईट असे सांगतो; तो क्षत्रियाच्या अब्रूचा युक्तिवाद आहे आणि फेरोला तो तिथल्या तिथे पटला असता. पण तीच गीता पुढे मान आणि अपमान सारखे मानणाऱ्याकडे जाते, आणि तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये अमानित्वाला पहिले स्थान देते. ज्ञानेश्वरांनी या एका शब्दावर कितीतरी ओव्या लिहिल्या आहेत. अंगी मोठेपण असलेला माणूस ते ओळखले जाईल या भयाने वेडाचे पांघरूण घेतो, असे त्यांचे वर्णन आहे. अमानी माणसाला आव्हान देता येत नाही, कारण आव्हानाने दुखावणारी जागाच त्याने रिकामी केलेली असते. फूशेच्या कचेरीतला द्युबेर त्या जागेच्या जवळ जातो, थोडा वेळ तरी.

पुढे तो तिथे टिकत नाही. फेरोचे आव्हान पुन्हा येते. घरी बायको गरोदर आहे, तरी द्युबेर जातोच. एका पडक्या गढीच्या अवशेषांत आणि झाडीत दोघे पिस्तुले घेऊन एकमेकांना शोधतात. फेरोच्या गोळ्या संपतात, द्युबेरजवळ एक भरलेले पिस्तूल उरते. संहितेप्रमाणे फेरोचा जीव आता त्याचा. द्युबेर गोळी झाडत नाही. आजवर मी तुझ्या मानाच्या कल्पनेपुढे वाकलो, आता तू माझ्या कल्पनेपुढे वाक, अशा आशयाचे तो बोलतो. आणि इथून पुढे माझ्यापुरता तू मेलेला आहेस, मेलेल्या माणसासारखाच वाग, असे फर्मावतो.

ही क्षमा आहे का? बहुतेक प्रेक्षक तिला क्षमा समजतात, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण नीट पाहिले तर द्युबेरने संहिता मोडलेली नाही, तिचाच आधार घेतला आहे. फेरोचा जीव आपल्या मालकीचा आहे हे त्याने मान्य केले, आणि त्या मालकीचा उपयोग केला. क्षमा करणारा माणूस मालकी सोडतो. ऋणकोचे कागद फाडून टाकतो. द्युबेरने कागद फाडलेला नाही, खिशात ठेवला आहे. हेगेलच्या भाषेत सांगायचे तर त्याने प्रतिस्पर्ध्याला मारले नाही, जिवंत ठेवून त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले. हा सूड आहे. अत्यंत सभ्य आणि रक्त न सांडणारा, पण सूडच. त्याला दोष देणे मात्र कठीण आहे. ज्या जगात नकार देणाऱ्याला जगू दिले जात नाही, तिथे संहितेतून बाहेर पडण्याची वाट संहितेतूनच काढावी लागते. कॉनरॅड यांच्या कथेत द्युबेर पुढे फेरोच्या उदरनिर्वाहाची गुपचूप सोयही करतो. तिथे क्षमेची बाजू अधिक उजळ आहे. चित्रपटाने ती सोय गाळली, आणि त्यामुळे शेवट अधिक कठोर झाला.

फ्रान्समध्ये १८३७ साली सर्वोच्च न्यायालयाने द्वंद्वयुद्धातला मृत्यू हा साधा मनुष्यवधच मानला जावा असा निर्णय दिला, आणि शोपेनहाउअरने १८५१ मध्ये सरदारी मानाची संकल्पना ग्रीक आणि रोमन लोकांना ठाऊकच नव्हती असे दाखवत तिचा पाया खणला. तरी एप्रिल १९६७ मध्ये गास्तों देफेर आणि रने रिबिएर या दोन फ्रेंच लोकप्रतिनिधींनी संसदेतल्या अपशब्दावरून न्यूयीमधल्या एका बागेत तलवारी चालवल्या. चित्रपट त्यानंतर दहा वर्षांनी आला.

त्याच्या शेवटच्या दृश्यात फेरो एकटा उभा आहे. काळा कोट, दोन टोकांची टोपी, पाठ कॅमेऱ्याकडे. खाली नदीचे वळण, दूरवर दऱ्या, ढगांतून फुटणारा प्रकाश. सेंट हेलेना बेटावरच्या नेपोलियनच्या चित्रांची ती सरळ आठवण आहे. १८१६ साली नेपोलियन खरोखर त्या बेटावर होता. फेरो हलत नाही. आता त्याला कोणाचीही वाट पाहायची नाही.